स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला मोबाईल आधार देऊ शकतो का? निलंग्यासारख्या गावात हा प्रश्न वेगळा का आहे?

समजा, निलंग्यातल्या एका घरात तिशीतल्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, कानात येणारे आवाज कमी झालेत, झोप लागतेय. कागदावर तब्येत सुधारली आहे. पण बरोबरीची पोरं पुण्याला कामाला गेलीत आणि घरातले लग्नाला निघाले की 'तू घरीच थांब' असं ठरलेलं असतं. त्याच्याशी दिवसभरात कोण बोलतं? बहुतेक वेळा फक्त आई, आणि तीही 'गोळी घेतलीस का?' एवढंच विचारते.

त्याच्या हातात मोबाईल दिला तर काही बदलेल का?

गोळ्या पुरत नाहीत का?

भास आणि संशय यांवर औषधं चांगली चालतात. पण कशातच रस न वाटणं, बोलणं कमी होणं, माणसं टाळणं हीसुद्धा या आजाराचीच लक्षणं आहेत आणि त्यांवर औषधांचा परिणाम कमी होतो. घरचे त्याला आळस समजतात. वर लोक काय म्हणतील ही भीती असतेच. म्हणजे माणूस दोन्ही बाजूंनी तुटत जातो.

त्यात अंतराचा प्रश्न. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. निलंग्याहून लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जायचं तरी रुग्ण आणि सोबतचा माणूस, दोघांचा दिवस जातो, मजुरी बुडते.

14416 वर काय मिळतं?

केंद्र सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाईन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटल्यास पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. साधा बटणांचा फोनही पुरतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पण ही सेवा अडचणीच्या वेळी आपण फोन करायची आहे. दर मंगळवारी स्वतःहून फोन करून 'काय चाललंय?' विचारणारा आवाज ती देत नाही. ज्याला माणसं टाळावीशी वाटतात, तो स्वतःहून नंबर फिरवेल ही अपेक्षाच थोडी अवघड आहे.

ॲप बनवून पाहिलं, तेव्हा काय झालं?

ऑस्ट्रेलियात 'होरायझन्स' नावाचा प्रयोग झाला. सायकोसिसचा पहिला झटका येऊन गेलेल्या 170 तरुणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत 18 महिने एक खास ऑनलाईन व्यासपीठ दिलं गेलं. तिथे समवयस्क होते, तज्ज्ञांचं लक्षही होतं. 2021 मध्ये निष्कर्ष आले. सामाजिक वावरात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, पण व्यासपीठ मिळालेल्यांमध्ये नोकरी-शिक्षणाकडे वळणारे जास्त होते आणि तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ कमी आली.

भोपाळ आणि बंगळुरूमध्ये (आणि अमेरिकेत बॉस्टनला) स्मार्टफोनच्या नोंदींवरून आजार उलटण्याची चाहूल लागते का, याचा अभ्यास झाला आहे. कल्पना चांगली आहे. पण 'मोबाईलमधून माझ्यावर कुणीतरी नजर ठेवतंय' हा अनेक रुग्णांचा नेमका संशय असतो. त्याच माणसाच्या फोनमध्ये नोंदी ठेवणारं ॲप टाकायचं, तर आधी किती विश्वास कमवावा लागेल!

आपल्या जवळचं उदाहरण

नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' उपक्रमाने फोन वेगळ्या पद्धतीने वापरला. गावातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळालं आणि मोबाईलवर छोट्या फिल्म्स. स्वयंसेवक ओसरीवर बसून ती फिल्म दाखवायचा आणि मग बोलणं सुरू व्हायचं. सरकारी योजनांचे कागद करायलाही मदत व्हायची. हा उपक्रम मुख्यतः ताण आणि नैराश्यासाठी होता, गंभीर आजाराच्या रुग्णांना पुढे दवाखान्यात पाठवलं जायचं. तरी त्यातली गोष्ट निलंग्याला लागू पडते. फोन स्वयंसेवकाच्या हातात होता, आणि तो माणूस ओळखीचा होता.

स्किझोफ्रेनियासाठी असा घरी जाणारा माणूस उपयोगी पडतो का, हे सातारा, गोवा आणि तामिळनाडूत 282 रुग्णांसोबत तपासलं गेलं. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दवाखान्यातल्या उपचारांना अशी जोड मिळाली की लक्षणं आणि रोजच्या कामातली अडचण थोडी कमी झाली. थोडीच, पण झाली.

मग घरच्यांनी काय करावं?

पहिला प्रश्न फोन कुणाचा, हा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात सुमारे 54 टक्के महिलांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. आजारी मुलगी असेल, तर तिचा फोन बहुतेक वेळा भावाच्या खिशात असतो. तिला येणारा फोन तिनेच घ्यावा, एवढं ठरवणंही मोठं आहे.

दुसरं, आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून पुण्यातल्या मित्राने किंवा मामाने फोन करावा. गोळ्यांचा विषय न काढता. क्रिकेट, सोयाबीनचा भाव, काहीही चालेल. उत्तर तुटक आलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा करावा. मात्र जीव नकोसा झाल्याचं बोलणं कानावर आलं, तर वार न पाहता घरच्यांना सांगून लगेच 14416 ला किंवा जवळच्या दवाखान्यात संपर्क करावा.

आणि एक, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. झटका आलेला असताना काढलेले व्हिडिओ नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. डॉक्टरांना दाखवायला म्हणून काढलेला व्हिडिओ काकांच्या ग्रुपवर कसा पोहोचतो, कुणालाच कळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे, आणि उपचार करणाऱ्यांवर तो डिजिटल माहितीबाबतही बंधनकारक आहे. नातेवाईकांच्या ग्रुपवर लक्ष ठेवायला कुणी येणार नाही. तो व्हिडिओ घरच्यांनाच डिलीट करावा लागेल, शक्यतो त्याच्यासमोर.