बोरामणीचे वर्तुळ आणि महाविद्यालयांचे आवार

सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळरानावर दगडी चक्रव्यूह असल्याची वार्ता डिसेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. लहान दगडांच्या 15 फेऱ्या आणि सुमारे 50 फुटांचा विस्तार. संशोधकांनी त्याचा संबंध सातवाहनकालीन रोमन व्यापाराशी जोडल्यामुळे चर्चा साहजिकच प्राचीनत्वाची झाली. आमचे लक्ष मात्र रचनेकडे वेधले गेले. अशी एखादी आकृती नगर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवारात का असू नये?

चक्रव्यूह म्हटला की आपल्याला अभिमन्यू आठवतो. हळेबीडच्या बाराव्या शतकातील मंदिरावर तो प्रसंग अशाच वळणांच्या आकृतीने कोरला आहे. परंतु भूलभुलैयात वाटा अनेक असतात, येथे एकच. चालणारा वळणे घेत केंद्राशी पोहोचतो आणि त्याच वाटेने बाहेर येतो. चुकण्याची सोयच नाही! फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकात फरशीवर 11 फेऱ्यांची अशी आकृती घडविली गेली. तिचा व्यास सुमारे 13 मीटर, पण वाट 260 मीटरांच्या आसपास भरते. पाश्चात्त्य देशांतील कित्येक विद्यापीठांनी आज ध्यानासाठी अशा वाटा आखल्या आहेत.

आपल्या विद्यार्थ्याला अशी निवांत वाट दुर्मीळ झाली आहे. पहाटेच्या एस.टी.ने तो येतो, तास आटोपून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत बसतो आणि मोजक्या जागांसाठी असंख्यांच्या रांगेत उभा राहतो. पूर्वपरीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेला एक विद्यार्थी सायकल-स्टँडमागे भिंतीकडे तोंड करून उभा असलेला आम्ही पाहिला आहे. एकटे राहावयास त्याला दुसरी जागा नव्हती.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला खर्चाचा विचार टाळता येत नाही. काळा दगड आपल्याकडे मुबलक आहे; दोरी, चुना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांची एक दुपार पुरेल. जागेचा संधिव्यय म्हणाल, तर जेथे मोडकी बाके कुजत पडली आहेत तो कोपरा चालेल. मौनाचे मोलही या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. अरणगावजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे, त्या मेहेरबाबांनी 1925 पासून 1969 मधील देहत्यागापर्यंत मौन पाळले.

भीती आहे ती आपल्याच सवयींची. प्रथम कोनशिला बसेल, मग मूल्यांकन समितीसाठी छायाचित्रे निघतील, पुढे ‘ध्यान-तासिका’ वेळापत्रकात येऊन तिला गुणही जोडले जातील. तसे होणार असेल तर दगड खाणीतच राहू द्यावेत. प्राचार्यांकडे आमचे मागणे एवढेच, की तेथे हजेरी घेऊ नये आणि अभ्यासिका बंद होईपर्यंत त्या बाजूचे फाटक उघडे ठेवावे.