पानगळीचे रान

चित्रकलेचा छंद असलेल्या घरांतून एक तक्रार वरचेवर ऐकू येते. तैलरंगांत शरदातले अरण्य रंगविले, पण ते खरे वाटत नाही. गेल्या माघात म्हैसूरच्या नजरबाद भागात एका मराठी स्नेह्यांकडे उतरलो असता हाच प्रश्न पुढे आला. त्यांच्या कन्येने परदेशी दिनदर्शिकेवरून लाल-केशरी वृक्षांचे रान उतरविले होते. हात नेटका होता, तरीही चित्रात जीव नव्हता.

"काका, चुकले कुठे?" तिने विचारले.

मी तिला खिडकीपाशी नेले. अंगणातील देशी बदामाची पाने तांबडी होऊन गळत होती. पलीकडे चामुंडीचा डोंगर धुरकट निळा दिसत होता. "हे कधी रंगविलेस का?" तिने मान हलविली.

वाचक हो, थंड प्रदेशांतील पानगळ आपल्या शरदात शोधू नये. आपला आश्विन-कार्तिक पावसाने धुतलेला, हिरवागार असतो. आपली पानझडी राने उघडी पडतात ती शिशिरात. म्हैसूरहून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या बंदीपूरच्या रानातला साग तेव्हा आपली रुंद, तपकिरी पाने टाकून देतो. पुढे वसंताच्या उंबरठ्यावर कोशिंबाला लाल पालवी फुटते. तो तांबडा रंग कोवळ्या पानांचा असतो, हे ज्याने पाहिले नाही, तो त्यालाच पानगळ समजून बसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात गेलो. राजा रविवर्म्यांच्या तैलचित्रांप्रमाणेच तेथे सावंतवाडीच्या सां. ल. हळदणकरांचे, हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र आहे. ते जलरंगांतले असले तरी आमच्या कामाचा धडा त्यात होता. हळदणकरांनी समोर उभी केली ती स्वतःची कन्या गीता. विषय घरचा, आणि प्रकाश कोठून येतो व कोठे विरतो याचे भान अचूक. रान रंगवितानाही हेच भान हवे.

आता कृतीकडे वळू. प्रथम डोळे अर्धवट मिटून रानाकडे पाहावे. पाने नाहीशी होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे पुंजके तेवढे उरतात. टर्पेंटाईनने पातळ केलेल्या रंगात रुंद, राठ कुंचल्याने ते पुंजके मांडावेत. दूरची झाडे फिकट व निळसर, जवळची गडद व उबदार ठेवावीत. वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवीत जावे. खालचा थर अधिक तेलकट असेल, तर तो वरच्यानंतर वाळतो आणि वरच्या थराला भेगा पडतात. नुसता लाल-पिवळा वापरू नये. पिवळी माती, बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणांतून वाळल्या पानांचे करडे-तपकिरी रंग मिळतात. अशा शांत रंगांत एखादेच तांबडे पान उठून दिसते. सुटी पाने शेवटी, पुढच्या भागात आणि मोजकीच काढावीत.

एक सावधगिरी घरातील वडीलधाऱ्यांनी पाळावी. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात राहिला, तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या डब्यात टाकाव्यात. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

मी निघालो त्या सकाळी तिने नवा कॅनव्हास अंगणात मांडला होता. बदामाखालच्या सावलीत निळा रंग मिसळून झाला होता. झाडावर पान मात्र अजून एकही काढलेले नव्हते. "आधी ऊन कोणीकडून येते ते पाहते," ती म्हणाली. तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते.