पस्तीस मिली

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींना मी शिकवते. मध्यंतरी वर्गात एक गणित घातलं. सेफ्ट्रायॅक्झोनची १ ग्रॅमची व्हायल, डायल्यूट करून १० मिली केली. बाळ ७ किलोचं, डोस किलोमागे ५० मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये किती मिली घ्याल?

एकीचं उत्तर आलं ३५ मिली. खाली ठसठशीत दोन रेघाही मारल्या होत्या. मुळात व्हायलमध्ये औषधच १० मिली, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. मी काही बोलले नाही. व्हायल, सिरिंज आणि पाणी तिच्यासमोर ठेवलं. ती भरायला लागली आणि मध्येच थांबली. ‘‘मॅडम, बाळाला साडेतीन व्हायली गेल्या असत्या.’’ मग तिने दशांश चिन्ह जागेवर आणलं.

मुलगी ढ नाही. दहावीनंतर तिचं गणित सुटलं, एवढंच. या प्रवेशाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं; गणित लागत नाही. ते सक्तीचं करा असं मी मुळीच म्हणणार नाही, खेड्यातल्या निम्म्या मुली दारातूनच परत जातील. शिवाय आमच्या कामात लागतं ते बहुतेक सगळं त्रैराशिक. फक्त ते फळ्यावर शिकवून उपयोग नाही. एकदा आम्ही शेजारच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना बोलावलं होतं. भला माणूस, पण त्यांनी शेकडेवारी शिकवली ती नफा-तोट्याची. मुलींना हवं होतं ते वेगळंच: ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम, म्हणून ५०० च्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज.

सलाईनचंही तेच. ५०० मिली, ८ तास, २० थेंबांचा सेट: मिनिटाला २१ थेंब. सूत्र सगळ्यांना पाठ. पण मुलांच्या वॉर्डात मायक्रोसेट हातात आला की तिथेही २० नेच गुणतात. एका मिलीला किती थेंब, तो आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. मायक्रोसेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली आणि तासाची मिनिटंही ६०. म्हणून ताशी जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. हे कळल्यावर एक मुलगी चिडून म्हणाली, ‘‘मग आम्ही इतके दिवस काय पाठ करत होतो?’’

इन्सुलिनची गोष्ट जास्त जिवावरची. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची १०० च्या. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटला जातात ५० युनिट. अडीचपट. आमच्या आजीला अडीचकी तोंडपाठ होती. माझ्या विद्यार्थिनींना ती पाठ नसली तरी चालेल, पण पहाटे घामाने डबडबलेला पेशंट त्या अडीचपटीमुळे असू शकतो, हे त्यांना दिसायला हवं.

अभ्यासक्रम दिल्लीची परिचर्या परिषद ठरवते, हे मला ठाऊक आहे. डोस काढणं त्यात आहेही. औषध देण्याच्या पाठातच ते उरकलं जातं. पण परीक्षा आपण घेता, आणि जे परीक्षेत येतं तेच आमच्याकडे शिकवलं जातं, हे आपणही जाणता. म्हणून एकच मागणी. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकीसमोर केसपेपर, लेबल लावलेली व्हायल आणि सिरिंज ठेवा. तिने हिशेब कागदावर मांडावा आणि तेवढं पाणी सिरिंजमध्ये ओढून दाखवावं. परीक्षकाने सूत्राला गुण देऊ नयेत. सिरिंज डोळ्यांसमोर धरून पाणी कुठवर आलंय ते पाहावं. कॅल्क्युलेटर खुशाल द्या, पस्तीस तिथेही येतात.

खर्चाचं म्हणाल, तर मुदत संपलेल्या, न उघडलेल्या खोकाभर सिरिंज आमच्या स्किल लॅबमध्ये पडून आहेत. कळवलंत तर उद्याच पाठवते.

आपली नम्र,
एक नर्सिंग ट्यूटर