आक्कांची सोळा स्वप्नं आणि मंडळाचा माईक



दशलक्षण पर्वाआधी आपली भजनं आणि जुनी गाणी घरीच रेकॉर्ड करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायची, असं आमच्या महिला मंडळाने ठरवलंय. विचार उत्तम आहे. त्यासाठी स्टुडिओतला माईक घ्यायचा म्हणून पंचवीस हजारांची मागणी आली आहे, आणि तिला माझा विरोध आहे. मंडळाची खजिनदार मीच. कारण नीट मांडलं नाही तर "काकूंचा हात आखडता" म्हणून सगळ्या मोकळ्या होतील.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आक्का माझ्या चुलतसासूबाई, वय ८६. त्रिशलामातेच्या सोळा स्वप्नांचं एक गाणं त्यांना तोंडपाठ होतं, एकेका स्वप्नाला एकेक कडवं. महावीर जयंतीला पाळण्याच्या आधी म्हणायचं. त्यांच्या सासूबाईंकडून त्यांना आलेलं, कुठेही लिहिलेलं नाही. पुतण्याने हौसेने कंडेन्सर माईक मागवला, सोबत तो कॉम्प्युटरला जोडायची पेटी. दोन्हीचे मिळून तेरा हजार झाले. हॉलमध्ये टेबलावर माईक, खाली पाटावर आक्का, वर पंखा बारीक करून ठेवलेला. मे महिना, पंखा बंद कसा करणार? संध्याकाळी ऐकायला बसलो तर आक्का होत्याच, पण पंखा, शेजारचा कुकर, कबुतरं आणि कोपऱ्यावर वळणारी रिक्षाही होती. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशीमुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा. चार कडव्यांतले शब्द लागतच नव्हते. "पुन्हा करू," म्हणालो.

थंडीत आक्का आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पण आता बारा कडव्यांच्या पुढे गाडी जात नाही. राहिलेली स्वप्नं कोणती ते पोथीवरून कळतं: माशांची जोडी, कमळांचं सरोवर, समुद्र, सिंहासन. पण आक्कांच्या गाण्यात ती कोणत्या शब्दांत होती, ते आता कुणालाच ठाऊक नाही.

यात माईकचा दोष नव्हता. त्याने त्याचं काम चोख केलं, सगळं ऐकलं. कंडेन्सरमध्ये अगदी पातळ पडदा असतो, विजेच्या भारावर चालतो, आणि बारीकसारीक आवाजही टिपतो. त्याला पेटीतून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. (भक्तामराची काव्यं ४८, सामायिकाची मिनिटं ४८ आणि हे व्होल्टही ४८! मला हसूच आलं.) भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लावलेल्या, बंद, शांत खोलीत तो सोन्यासारखा चालतो. आपल्या घरात तो घराचंच रेकॉर्डिंग करतो.

डायनॅमिक माईकचं तसं नाही. त्यात पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं, ते लोहचुंबकात हलतं. त्याला वेगळी वीज लागत नाही, आणि तोंडाजवळ धरून गायलं तरच तो नीट ऐकतो. मंदिरात, लग्नात, सभेत हातात धरतात तो बहुधा याच जातीचा. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही गायक तो वापरतात. एवढी वर्षं टिकलेल्या वस्तूला जुनी म्हणून नाक मुरडू नये. काही डायनॅमिक माईकना यूएसबीची सोयही असते, म्हणजे वेगळी पेटी न घेता थेट कॉम्प्युटरला लावता येतात. आपल्यासारख्यांना तेच सोयीचं.

सगळी किमया जवळ बसण्याची आहे. अंतर दुप्पट झालं की गाणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पंखा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून माईक तोंडापासून चार बोटांवर हवा. पण अगदी समोर नको, कारण आपली स्तोत्रं भ, ध, फ, थ यांनी भरलेली. प्रत्येक भ बरोबर वाऱ्याचा झोत माईकवर आपटतो आणि धप्प आवाज येतो. माईक ओठांच्या थोडा बाजूला, तिरका ठेवायचा, वर स्पंजची टोपी घालायची. तोंडाला अगदीच चिकटवला तर खर्ज फुगतो आणि बाईचा आवाज पुरुषी वाटायला लागतो, हेही आम्ही करून पाहिलं.

खोलीचं काम गोधड्यांनी भागतं. त्या कुठे टांगायच्या यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. माईक गाणाऱ्याकडे बघत असतो, म्हणजे तिच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्याला ऐकू येतो. गोधडी तिथे हवी. अशा माईकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करायची. साड्यांचं कपाट उघडं ठेवलं तरी फरक पडतो. वेळ पहाटेची. तेव्हा पंखा लागत नाही, कुकरही चढलेले नसतात.

माझ्या म्हणण्यालाही एक अडचण आहे, ती लपवत नाही. आक्कांचा आवाज आता क्षीण आहे आणि गाताना त्या मान हलवतात. डायनॅमिकसाठी आवाज बराच वाढवून घ्यावा लागतो, तेव्हा हलक्या पेटीतून खरखर येते. शिवाय तोंडासमोर काळं बोंडुक आलं की त्या बावरतात. पदराला लावायचा कॉलर माईक पाहिला, तर बांगड्या आणि पदराची सळसळ जास्त. शेवटी लहान स्टँड चौरंगावर ठेवला, माईक त्यांच्या हनुवटीच्या खाली बाजूला घेतला आणि मी समोर बसून त्यांच्याबरोबर नुसते ओठ हलवले. माझ्याकडे बघताना त्यांची मान स्थिर राहिली.

आता हिशेब. मी बी.कॉम. केलंय, वस्तूची किंमत आणि तिचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं कळतं. मंडळाचा पैसा भगिनींच्या दानातला आहे. पंचवीस हजारांचा एकच नाजूक माईक एका घरात कुलपात राहील, आणि ज्या म्हाताऱ्या घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत जाणार नाही. त्याऐवजी यूएसबीचा एक साधा मजबूत डायनॅमिक माईक, स्टँड आणि टोपी एका पिशवीत घालावी आणि ती पिशवी घरोघर फिरावी. उरलेले पैसे शिल्लक राहू देत. अपरिग्रहावर पुढच्या महिन्यात आपणच प्रवचन ऐकणार आहोत.

एक मात्र सांभाळा. माझी शेजारीण स्थानकवासी. त्यांच्या महासतीजी माईक वापरत नाहीत, विजेत तेजस्कायाची विराधना मानतात. अशा ठिकाणी मोबाइल पदराखाली धरून चोरून रेकॉर्ड करणं बरं नव्हे.

आणि पिशवी येईपर्यंत थांबू नका. घरात आजी गात असेल तर मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन वीतभर अंतरावर ठेवा आणि आजच घ्या. आधी सगळे शब्द कागदावर उतरवून घ्या. ते आम्ही केलं नाही.

बैठक रविवारी दुपारी तीनला आहे. मी ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे. त्या दिवशी पहाटे साडेपाचला आक्कांकडे बसायचं ठरलंय. परवा भाजी निवडता निवडता सरोवराच्या कडव्याची पहिली ओळ त्यांना अचानक आठवली होती.