'पिशवी' म्हणू नका

शाळेच्या पुस्तकात शरीराची चित्रं असतात. पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, चेतासंस्था सगळं वर्गात शिकवतात. प्रजनन संस्थेचं पान आलं की गुरुजी म्हणतात, "हे घरी वाचा." घरी कोण वाचतंय! मग पंधरा वर्षांनी तेच पान डॉक्टर उघडतो आणि म्हणतो, "पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल."

दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब, भूम, वाशीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात, फेड दोघांच्या अंगावर. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळी काही मुकादमाला विचारून येत नाही. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही. मग अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. बहुतेक वेळा हा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. पण गोळ्यांचं बिल ते किती होणार!

शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून फडातलं काम बदलत नाही, हे आपल्या धाराशिवकरांनी विसरू नये.

"बायका आपणहून जातात" असं काही शहाणे सांगतात. खाडा चुकवण्यासाठी शरीराचा भाग द्यावा लागतो, त्याला मर्जी म्हणायचं?

गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय, मागे आतडं, बाजूला बीजकोष. बीजकोषांतली संप्रेरकं हाडांना, हृदयाला जपतात. तेही काढले तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास, हाडं ठिसूळ. आणि उसाची मोळी पुन्हा त्याच हाडांवर.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असं सर्व राज्यांना बजावलं. चांगलं झालं. पण साखर ज्यांच्या पोत्यात जाते त्या कारखान्यांना कुणी विचारलं का, की फडावर संडास कुठाय आणि पाळीच्या दिवसाची मजुरी कोण देणार?

मैत्रिणींनो, यंदा टोळ्या निघण्याआधी वस्तीवर बसू या, ते राहिलेलं पान एकत्र वाचू या. आणि ऑपरेशन सांगितलं की तपासणीचे कागद मागून दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला बाईबरोबर आपल्यापैकी एकजण जाऊ या.