नवे तंत्र, कंपन्यांचे हिशेब आणि भागधारकांचा हक्क

शेअर बाजारात सामान्य माणसाचा पैसा ज्या वेगाने येत आहे, त्याच वेगाने त्याला कंपनीची खरी माहितीही मिळते आहे काय? हा प्रश्न आज विचारणे आवश्यक झाले आहे. मोबाईलवर दोन मिनिटांत शेअर विकत घेता येतो. परंतु त्या कंपनीने कर्ज किती उचलले आहे, तिच्या उत्पन्नात व्याजाचा भाग किती आहे, संचालकांनी स्वतःच्या नातेवाइकांच्या संस्थांशी कोणते व्यवहार केले आहेत, हे पाहण्यासाठी दोन तास देणारे फार थोडे. नवे तंत्र आले म्हणजे पारदर्शकता आपोआप आली, असा एक समज पसरला आहे. आमच्या मते हा समज अर्धवट आहे आणि मुस्लिम गुंतवणूकदाराला तो विशेष महाग पडला आहे.

पूर्वीची स्थिती वाचकांना स्मरत असेल. शेअरचे कागदी प्रमाणपत्र पोस्टाने येई, कधी वाटेतच गहाळ होई. सही जुळत नाही म्हणून हस्तांतरणाचे कागद महिनोन्महिने परत येत. वार्षिक अहवाल सभेच्या तोंडावर हाती पडे आणि सभा मुंबई किंवा कलकत्त्याच्या सभागृहात असे. रत्नागिरीचा किंवा मालेगावचा भागधारक तेथे जाणार कसा? भाव काय चालला आहे हेसुद्धा दलाल सांगेल तेच खरे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर शेअरचे व्यवहार सुरू झाले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही तोच मार्ग धरला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी प्रमाणपत्राची जागा डिमॅट खात्याने घेतली. दलालाच्या शब्दावरचे अवलंबित्व येथून कमी होऊ लागले, हे मान्य केले पाहिजे.

आजचे नियम त्याहून पुढे गेले आहेत. संचालक मंडळाची बैठक व्यवहाराच्या वेळेत संपली, तर तिचे महत्त्वाचे निर्णय अर्ध्या तासात शेअर बाजाराला कळवावे लागतात व ते बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. निकालानंतर मोठ्या गुंतवणूक संस्थांच्या विश्लेषकांशी कंपनीचे अधिकारी जी चर्चा करतात, तिचे ध्वनिमुद्रण चोवीस तासांच्या आत आणि लेखी प्रत पाच कामकाजाच्या दिवसांत प्रसिद्ध करणे १ एप्रिल २०२२ पासून बंधनकारक आहे. १ जून २०२४ पासून पहिल्या शंभर आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांवर प्रसारमाध्यमांतील अफवांबाबत खुलासा करण्याची जबाबदारी आली. पूर्वी या चर्चा बंद खोलीत होत. आज मुंब्र्यातील एखादा शिक्षक त्या घरी बसून ऐकू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे.

व्यापारातील उघडेपणा आमच्यासाठी नवा नाही

या नियमांच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते इस्लामने व्यापाऱ्याला चौदा शतकांपूर्वी शिकवले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ताळेबंदाच्या तळटिपेत दडवलेले कर्ज म्हणजे ढिगाच्या पोटातले ओले धान्यच होय.

दुसरी शिकवण याहूनही नेमकी आहे. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला शहराबाहेर गाठून, त्याला बाजारभाव कळण्यापूर्वीच माल खरेदी करण्यास प्रेषितांनी मनाई केली. दोन पक्षांपैकी एकाला भाव ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा स्थितीत झालेला सौदा वरवर राजीखुशीचा दिसला तरी न्याय्य नसतो. कंपनीचा निकाल जाहीर होण्यापूर्वी ज्याच्या हाती तो पडतो, तो आजच्या काळातला शहराबाहेर जाऊन काफिला गाठणारा व्यापारीच आहे.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. काही मोठ्या कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्यापूर्वीच व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये फिरत असल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले. सेबीने चौकशी केली आणि संदेश पुढे पाठवणाऱ्या काही जणांना दंड केला. परंतु रोखे अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२१ मध्ये ते आदेश रद्द केले. ते आकडे कंपनीतून फुटलेलेच होते, हे सिद्ध होऊ शकले नाही. यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. ज्या साधनाने माहिती सर्वांना एकाच वेळी देता येते, त्याच साधनाने ती मोजक्या लोकांना गुपचूप देता येते, आणि मागे पुरावा फारसा राहत नाही. गोपनीय माहिती कोणाकोणाला दिली याची संगणकीय नोंद कंपन्यांनी ठेवावी, असा नियम एप्रिल २०१९ पासून आहे. त्याची अंमलबजावणी कडक झाली पाहिजे.

खोटी बोली लावून भाव चढवण्यालाही शरीअतमध्ये मनाई आहे. मार्च २०२३ मध्ये सेबीने यूट्यूबवरील व्हिडिओंद्वारे काही लहान कंपन्यांच्या शेअरचे भाव फुगवल्याच्या प्रकरणात आदेश काढले. त्या व्हिडिओंत कंपन्यांविषयी खोट्या बातम्या होत्या, असे सेबीने म्हटले. मोबाईलवर येणारी प्रत्येक 'टिप' ही माहिती नसते. कंपनीने स्वतःच्या सहीने शेअर बाजाराला कळवलेली गोष्ट आणि कोणीतरी गटात टाकलेला संदेश, यांतला फरक आपल्या तरुणांना घरोघरी समजावून सांगण्याची वेळ आली आहे.

संदेश भरपूर, हिशेब नाही

आता सर्वांत दुखऱ्या भागाकडे वळू. बंगळूरच्या आयएमए या संस्थेने 'हलाल नफा' या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांचा पैसा गोळा केला. विधवांची पुंजी, मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले दागिने, आखातात राबून जमवलेली रक्कम तिच्यात गेली. जून २०१९ मध्ये संस्थेचा प्रमुख देश सोडून गेला आणि गुंतवणूकदारांच्या हाती उरली ती मोबाईलवर फिरणारी एक ध्वनिफीत. पुढे जुलैमध्ये परत आल्यावर त्याला अटक झाली व तपास सीबीआयकडे गेला. परंतु ज्यांचे पैसे बुडाले त्यांतील अनेकांना आजही पूर्ण रक्कम मिळालेली नाही.

या प्रकरणात संपर्काची कमतरता होती काय? मुळीच नाही. दरमहा खात्यात रक्कम येत होती, संदेश येत होते, संस्थेच्या कार्यक्रमांची छायाचित्रे घरोघर पोहोचत होती. फक्त एक गोष्ट येत नव्हती. पैसा कोठे गुंतवला, नफा कोणत्या व्यवहारातून झाला, याचा तपासता येईल असा हिशेब. संस्था शेअर बाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे तिमाही निकाल जाहीर करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. आणि आम्ही मुस्लिमांनी दाढी, टोपी व 'हलाल' हा शब्द पाहून तो हिशेब मागितला नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामधील सर्वांत दीर्घ आयत उधारीचे व्यवहार लिहून ठेवा व साक्षीदार ठेवा, हेच शिकवते. विश्वासू माणसाशीही व्यवहार लेखी असावा, ही ती शिकवण. हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे, हा विचार आमच्या दीनचा नाही.

बाजारात नोंदलेली कंपनी असली म्हणजे धोका संपला, असेही कोणी समजू नये. सत्यम कॉम्प्युटर्सचे निकाल वेळेवर प्रसिद्ध होत होते. २००८ मध्ये तिला उत्तम कारभाराचे पारितोषिकही मिळाले होते. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच पत्र लिहून कबुली दिली की, खात्यांत दाखवलेली रोकड प्रत्यक्षात नव्हती. खोटा आकडा पडद्यावर आला म्हणून खरा होत नाही. त्याची तपासणी करणारा लेखापाल प्रामाणिक आणि प्रश्न विचारणारा भागधारक जागा असावा लागतो.

हलाल गुंतवणुकीची अडचण

धंदा हलाल असलेल्या कंपनीचा शेअर घेताना उलमा व शरीअत सल्लागार मंडळे दोन आकडे पाहतात. कंपनीवर व्याजी कर्ज किती आणि तिच्या उत्पन्नात व्याजाचा भाग किती. कर्जाची मर्यादा कोणी तीस टक्के मानतात, कोणी एक तृतीयांश. व्याजाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात लाभांशाचा भाग दान करून टाकावा, असाही सल्ला देतात. मुंबई शेअर बाजारात डिसेंबर २०१० मध्ये शरीअत निर्देशांक सुरू झाला, तो याच आकड्यांच्या आधारे.

अडचण अशी की, नियमाप्रमाणे मालमत्ता व देण्यांचा तक्ता कंपन्या वर्षातून दोनदाच देतात. जून व डिसेंबर अखेरच्या निकालांत नफा-तोटा दिसतो, कर्जाची पूर्ण रक्कम साधारणपणे दिसत नाही. 'इतर उत्पन्न' या एका ओळीत बँक ठेवीचे व्याज, भाडे आणि मालमत्ता विक्रीचा नफा सारेच मिसळलेले असते. म्हणजे मधल्या काळात मुस्लिम गुंतवणूकदार अंदाजावर चालतो. एकूण कर्ज आणि व्याजाचे उत्पन्न या दोन ओळी दर तिमाहीला वेगळ्या द्याव्यात, अशी मागणी शेअर बाजारांकडे व सेबीकडे संघटितपणे झाली पाहिजे. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपनीला यात फार कष्ट नाहीत. कर्जात बुडणाऱ्या कंपनीची खूण लवकर कळली, तर त्याचा लाभ हिंदू, मुस्लिम, पारशी साऱ्याच भागधारकांना होईल.

मागे राहिलेले भागधारक

नव्या तंत्राने काही लोक मागे राहिले आहेत, तेही विसरता कामा नये. २०२० च्या साथीत सरकारने व्हिडिओद्वारे वार्षिक सभा घेण्यास परवानगी दिली. त्यामुळे दूरच्या गावातून सभा पाहता येऊ लागली आणि मतदानही घरून करता येते. परंतु बोलायचे असल्यास आधी नाव नोंदवावे लागते आणि कोणाला बोलू द्यायचे याचा दोर कंपनीच्या हाती राहतो. पूर्वी सभागृहात भागधारक उभा राहिला म्हणजे अध्यक्षांना सर्वांसमोर उत्तर देणे भाग पडे. तो धाक कमी झाला आहे. सभेपूर्वी आलेले सर्व लेखी प्रश्न व त्यांची उत्तरे संकेतस्थळावर टाकण्याचे बंधन घातले, तर ही उणीव बरीच भरून निघेल.

अहवाल आता ई-मेलने येतो. छापील प्रत मागितली तरच मिळते. वृत्तपत्रातील निकालाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापला जातो. ज्या वृद्ध भागधारकाला ई-मेल नाही, इंग्रजी येत नाही, त्याच्यासाठी हे दार बंदच आहे. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून दुसऱ्याच्या नावे विक्रीने हस्तांतरित होत नाहीत. सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. पत्ता बदलला, माणूस आखातात गेला किंवा इंतकाल पावला, की हे सहज घडते. हे शेअर वारसांचा हक्क आहेत आणि अर्ज करून ते परत मिळवता येतात. अशा भागधारकांची नावे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतात. आपल्या वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांची जुनी प्रमाणपत्रे तपासून एवढी मदत केली, तरी मोठे काम होईल.

वाचकांना आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. पैसा देण्यापूर्वी कंपनी वा संस्था कोठे नोंदलेली आहे ते पाहा. वर्षातून एकदा तरी अहवालातील कर्ज, व्याज आणि नातेवाइकांशी झालेले व्यवहार ही तीन पाने वाचा. तक्रार असेल तर सेबीच्या स्कोअर्स या व्यवस्थेत ती नोंदवा. सेबीच्या दूरध्वनीवर मराठीतही बोलता येते. आणि जी संस्था धर्माचे नाव घेऊन हिशेब दाखवण्याचे टाळते, तिच्यापासून दूर राहा. मोठ्या कंपन्यांनीही अहवालाचा चार पानी सारांश मराठी व उर्दूत द्यावा. त्यांचा साबण आणि तेल विकण्यासाठी त्या आपल्या भाषेत जाहिरात करतात, तर भांडवल घेताना हिशेबही आपल्या भाषेत देण्यास त्यांची हरकत नसावी.