हासनमध्ये खरंच हार्ट अटॅकची लाट आली होती का? ‘जयदेव’च्या डॉक्टरांना काय सापडलं?

जुलै 2025 चा पहिला आठवडा आठवतोय? आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा रोज सकाळी कुणाच्या तरी अचानक मृत्यूचा व्हिडिओ यायचा आणि खाली एकच नाव असायचं, हासन. कर्नाटकातल्या या जिल्ह्यात चाळीसेक दिवसांत वीसहून जास्त लोकांचा हार्ट अटॅकने मृत्यू झाला, त्यातले बरेच तरुण होते, अशी ती बातमी. मावशीने तर ‘लसीचे परिणाम आता दिसायला लागले’ असं लिहून मोकळी झाली. कुणी तिला उलट विचारलं नाही, कारण थोडी भीती प्रत्येकाच्याच मनात होती.

मग प्रकरण राजकारणात गेलं. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी 1 जुलैला एक्सवर पोस्ट लिहिली आणि कोव्हिड लसीला घाईघाईत दिलेली मंजुरी हे एक कारण असू शकतं, असं सुचवलं. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आयसीएमआर आणि एम्सच्या अभ्यासांचा दाखला देत हा संबंध नाकारला. या गदारोळात खरा शोध लावायचं काम आलं ते बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेकडे. संस्थेचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला दहा दिवसांत अहवाल द्यायचा होता.

जयदेव ही राज्य सरकारची स्वायत्त संस्था. म्हैसूर आणि कलबुर्गीतही तिची रुग्णालयं आहेत. कलबुर्गी म्हणजे आपल्या सोलापूरपासून शे-सव्वाशे किलोमीटर. ‘आधी उपचार, पैसे नंतर’ हे या संस्थेचं धोरण कर्नाटकात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिच्या शब्दाला तिथे वजन आहे.

24 मृत्यूंचं काय झालं?

समितीने 24 मृत्यू तपासले. त्यातल्या 4 जणांचा मृत्यू हृदयविकाराने झालेलाच नव्हता. बातम्यांमध्ये मात्र तेही ‘हार्ट अटॅक’मध्येच मोजले गेले होते. उरलेले 20 मृत्यू हृदयाशी संबंधित होते, काही निश्चित आणि काही ‘संभाव्य’.

‘संभाव्य’ का? माणूस घरी किंवा रस्त्यात कोसळला, दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेला, ईसीजी निघाला नाही, शवविच्छेदन झालं नाही, तर मागे पुरावा काय उरतो? घरच्यांनी सांगितलेली हकिकत आणि असलीच तर जुन्या आजाराची फाईल. एवढ्यावरून डॉक्टर अंदाज बांधू शकतात, खात्री देऊ शकत नाहीत.

समितीचा निष्कर्ष असा की जिल्ह्यात हृदयविकाराच्या मृत्यूंमध्ये असामान्य वाढ दिसत नाही. हे ऐकून अनेकांना सरकार काहीतरी लपवतंय असंच वाटलं. म्हणून आपण स्वतःच ढोबळ आकडेमोड करून बघू.

2011 च्या जनगणनेनुसार हासनची लोकसंख्या सुमारे 17 लाख 76 हजार. मृत्युदर दर हजारी वर्षाला साडेसहा धरला, तर वर्षाला साधारण साडेअकरा हजार मृत्यू. म्हणजे 40 दिवसांत सुमारे साडेबाराशे. भारतात एकूण मृत्यूंपैकी पाव भागाहून अधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होतात. म्हणजे कोणतीही लाट नसताना, एखाद्या साध्या 40 दिवसांत या एका जिल्ह्यात तीनशेहून जास्त माणसं या आजारांनी जातात. त्यांची बातमी होत नाही. त्यातले वीस वेचून एकाखाली एक लिहिले, की लाट दिसायला लागते.

आता यावर खरा आक्षेप असा: त्या तीनशेंत बहुतेक म्हातारी माणसं असणार, आणि बातम्यांत होते ते तरुण. आक्षेप बरोबर आहे. तरुणांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तिथे चित्र खरोखर काळजीचं आहे. फक्त ते हासनपुरतं नाही आणि 2021 नंतरचंही नाही. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आल्याचं दिसलं, बाकीच्या जगापेक्षा जवळपास सहा वर्षं आधी. हे निष्कर्ष 2007 चे आहेत. तेव्हा कोव्हिड नव्हता, लसही नव्हती.

मग लसीचं काय?

‘गेला त्याने लस घेतली होती’ हे वाक्य जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत खरं ठरतं, कारण लस जवळपास सगळ्यांनीच घेतली. गेलेल्यांची तुलना जिवंत असलेल्यांशी केली, तरच त्यातून काही कळतं. आयसीएमआरने नेमकं तेच केलं. ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात अचानक मृत्यू झालेल्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या 18 ते 45 वयाच्या 729 जणांची माहिती 47 रुग्णालयांमधून घेतली. त्या प्रत्येकामागे त्याच्याच वयाचे, त्याच परिसरातले चार जिवंत लोक, असे 2,916 जण निवडले आणि दोन्ही गटांत फरक काय, ते पाहिलं.

लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो उलट कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोव्हिडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, कुटुंबात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूआधीच्या 48 तासांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम, आणि नशेचे पदार्थ.

कोव्हिशील्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात असं कंपनीनेच कबूल केलं होतं ना? हो, अत्यंत क्वचित होणारा तो दुष्परिणाम खरा आहे. पण तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, चार वर्षांनी नाही.

जयदेवने स्वतःकडे आलेल्या 45 वर्षांपर्यंतच्या 251 रुग्णांचाही अभ्यास केला. लस किंवा कोव्हिडशी संबंध सापडला नाही. धूम्रपान, मधुमेह आणि रक्तदाब हीच जुनी कारणं पुढे आली. काही रुग्णांमध्ये मात्र यातलं एकही कारण नव्हतं. मला विचाराल तर पुढच्या संशोधनाची खरी जागा तीच आहे, पण लसीच्या भांडणात तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते दुसरीकडे. बातम्यांनंतर म्हैसूरच्या जयदेव रुग्णालयाबाहेर पहाटेपासून रांगा लागायला लागल्या. बहुतेकांना छातीत दुखतही नव्हतं, फक्त एकदा तपासून घ्यायचं होतं. अशा रांगेत ज्याची खरंच रक्तवाहिनी बंद झाली आहे तो मागे राहण्याची भीती असते. घाबरू नका, असं आवाहन शेवटी डॉक्टरांनाच करावं लागलं.

छातीत दुखणाऱ्याला बंगळुरूपर्यंत यावंच लागू नये, यासाठी कर्नाटकात अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने योजना आहे. पुनीत स्वतः 2021 मध्ये 46 व्या वर्षी हृदयविकारानेच गेले. तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला ईसीजी जयदेवसारख्या मोठ्या केंद्राकडे जातो, तिथून काही मिनिटांत निदान येतं आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच मोफत दिलं जातं. आपल्याकडेही ‘स्टेमी महाराष्ट्र’ नावाचा अशाच धर्तीचा प्रकल्प आहे. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही सोय आहे का, हे एकदा विचारून ठेवा.

अहवालानंतर कर्नाटक सरकारने आणखी एक निर्णय जाहीर केला: रुग्णालयाबाहेर अचानक झालेल्या मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन व्हायलाच हवं. कागदावर हे सोपं आहे. 2020 मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. ही दरी भरायची, तर रात्री अकरा वाजता तिशीतला मुलगा गमावलेल्या आईवडिलांना कुणीतरी जाऊन सांगावं लागेल, की देह अजून घरी नेता येणार नाही. ते कोण सांगणार, याबद्दल निर्णयात काही नाही.